हात आपला, सही दुसऱ्याची

परवाना हा शब्द आपल्या आज्या-पणज्याच्या आयुष्यात शिरला तो धंद्यासाठी नव्हे, गावाबाहेर पाय टाकण्यासाठी. महार, मांग, रामोशी, बेरड यांनी चावडीवर हजेरी द्यायची. पाव्हण्याकडं लग्न असो की मयत, गाव सोडायचं तर आधी पाटलाच्या कानावर घालायचं. ब्रिटिश मुलखात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अशा हजेरीला पक्कं रूप दिलं. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली ती बंद केली. फार जुनी गोष्ट नव्हे ही. तुमच्या आज्याच्या बापानं अशी हजेरी दिलेली असू शकते.

हे आधी सांगायचं कारण असं की आज आपली पोरं परवान्यासाठीच हेलपाटे घालतायत. कुणाला वायरमनचं परमिट पाहिजे, कुणाला महापालिकेचं प्लंबरचं लायसन, कुणाला बांधकाम खात्याच्या यादीत कंत्राटदार म्हणून नाव. हे कागद क्षुल्लक वाटतात. त्यावर मोर्चा निघत नाही. राखीव जागा, शिष्यवृत्ती, ॲट्रॉसिटी यांवर आपण बोलतो, आणि बोललंच पाहिजे. पण वस्तीत सकाळी सात वाजता बघा. सायकलला थापी-ओळंबा अडकवून, पिशवीत पक्कड-टेस्टर घालून जी माणसं बाहेर पडतात त्यांना ना नोकरी आहे ना राखीव जागा. गवंडी, सेंट्रिंगवाले, रंगारी, नळकाम करणारे, वायरिंग करणारे. यांचा इतिहास आपल्यातल्या कुणी लिहायला घेतला नाही. कामाची परवानगी कोण देतं, कशाच्या जोरावर देतं, आणि ती मिळाली तरी गिऱ्हाईक येतं का, या तीन प्रश्नांवर कोल्हापूरचा इतिहास बरंच काही बोलतो.

गावगाड्यात लायसनचं ऑफिस नव्हतं, फी नव्हती, नूतनीकरण नव्हतं. लायसन जन्माबरोबर मिळायचं. सुताराच्या पोराला वाकस, लोहाराच्या पोराला भाता, कुंभाराच्या पोराला चाक. मांगानं दोर वळायचे, केरसुण्या करायच्या. चांभारानं मोट शिवायची, वहाणा सांधायच्या. सुगीला खळ्यावर जाऊन आपल्या वाट्याचं बलुतं मागायचं. दुसऱ्याच्या धंद्याला हात लावायचा नाही आणि आपला सोडायचाही नाही. सोडायला बंदी असलेलं असं लायसन जगात दुसरीकडं क्वचितच असेल.

आणि महाराला काय दिलं? इथं जरा थांबा, कारण यावर आपण पुरेसा विचार केलेला नाही. महाराला हत्यारच दिलं नाही. सांगावा न्यायचा, शिवार दाखवायचं, मेलेलं जनावर ओढायचं, लाकडं फोडायची, चावडी झाडायची, गावकुसाची पडझड सावरायची, सरकारी अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं, रात्रीची गस्त घालायची. पडेल ते काम. आजच्या भाषेत हरकाम्या. गावाला सगळ्यात जास्त ज्याची गरज, त्याच्या हाती कसब म्हणावं असं एकही ठेवलं नाही. सुताराला मालक बदलला तरी वाकस त्याचाच राहतो. महाराकडं नेण्यासारखं काहीच नव्हतं. पुढं कारखान्याच्या, ठेक्याच्या, रोजगार हमीच्या फॉर्मवर ‘अकुशल’ म्हणून जो रकाना आला, त्यात आपली माणसं ढिगानं सापडतात याचं मूळ इथं आहे. हे अकुशलपण आपसूक आलेलं नाही, ते गावानं पिढ्यानपिढ्या राखलेलं आहे.

जिथं नियम लिहिलेला नाही तिथंही दार बंद ठेवता येतं, हे मुंबईच्या गिरण्यांनी दाखवलं. विणकामखात्यात अस्पृश्यांना घेत नसत. कारण काय, तर कांडीचा तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागतो, आणि स्पृश्य विणकराला अस्पृश्याचं उष्टं नको. जास्त पगाराचं खातं नेमकं तेच. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला. गिरणीच्या कोणत्या पुस्तकात हा नियम छापलेला होता? कुठंच नाही.

आता शाहू महाराजांकडं येऊ. त्यांचा १९०२ चा पन्नास टक्क्यांचा हुकूम सगळ्यांना पाठ आहे. भाषणात तोच येतो. मला विचाराल तर धंद्याच्या दृष्टीनं १९१८ साल त्याच्या तोडीचं आहे. त्या एका वर्षात कुलकर्णी वतन गेलं, महार वतन गेलं, बलुतेदारी गेली, हजेरी गेली. बलुतेदारी बंद याचा अर्थ एवढाच की कुणीही कोणताही धंदा करावा, जातीचा म्हणून एखादा धंदा कुणाच्या गळ्यात बांधता येणार नाही. महार वतन बंद करताना त्या जमिनी रयतावा करून महारांच्या नावावर लावायचं धोरण ठेवलं. हा तपशील लक्षात ठेवा, पुढं बँकेच्या दारात तो पुन्हा भेटणार आहे. वेठ बंद करण्याचे हुकूमही त्याच काळातले. फुकटात राबवून घ्यायचं नाही, कामाला दाम द्यायचा.

ब्रिटिश मुलखात हेच करायला किती वेळ लागला बघा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं. ते पास झालं नाही. शेवटी कनिष्ठ वतनं गेली ती १९५८ च्या कायद्यानं. म्हणजे कोल्हापूरच्या राजानं जे १९१८ साली केलं त्याला मुंबई राज्यात आणखी चाळीस वर्षं लागली.

पण हुकूम काढला म्हणजे धंदा मिळाला असं नसतं, हे महाराजांना कळत होतं. म्हणून त्यांनी सनदा दिल्या. १९२० च्या सुमारास काही महार-चांभार तरुणांना त्यांनी वकिलीच्या सनदा देऊन टाकल्या. त्याच वर्षी २१ आणि २२ मार्चला कागल जहागिरीतल्या माणगावला अस्पृश्यांची परिषद झाली आणि महाराजांनी बाबासाहेबांच्या नेतृत्वाला सगळ्यांसमोर मान दिला. सनदांवर ओरड झाली. यांचं शिक्षण किती, यांच्याकडं पक्षकार जाणार कोण, यानं धंद्याची प्रत कमी होणार. ही ओरड तुम्हाला ओळखीची वाटेल. आज राखीव जागेतून आलेल्या डॉक्टरबद्दल, इंजिनियरबद्दल शब्दन्‌शब्द तीच ऐकू येते. त्या काळात संस्थानी दरबार मर्जीतल्या माणसाला सनद देत आला होता, तेव्हा प्रतीची आठवण कुणाला झाली नव्हती. सनद महारवाड्यात गेल्यावर झाली.

मात्र टीकाकारांच्या एका वाक्यात खरं दुखणं होतं. पक्षकार जाणार कोण? कागद सरकार देतं, गिऱ्हाईक समाज देतो. बाबासाहेबांचंच घ्या. अमेरिकेतून अर्थशास्त्र शिकून आलेल्या माणसानं मुंबईत शेअर बाजारातल्या व्यापाऱ्यांना सल्ला द्यायचा धंदा काढला होता. त्यासाठी लायसनची आडकाठी नव्हती, ज्ञानाची तर नव्हतीच. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळलं आणि गिऱ्हाईक तुटलं. पुढं बॅरिस्टर होऊन आल्यावर सनदेच्या फीसाठी मित्राकडून उसने घ्यावे लागले. १९२३ साली वकिली सुरू झाली, तर सॉलिसिटर कामं पाठवीनात. सगळ्यात मोठ्या शिक्षणाची ही गत, तर कोल्हापुरातल्या साध्या सनदवाल्याची काय असेल ते सांगायला नको.

गंगाराम कांबळ्यांची गोष्ट म्हणूनच फक्त चहाची गोष्ट नाही. ती आपण जयंतीला सांगतो, टाळ्या घेतो आणि सोडून देतो. नीट बघा तिच्याकडं. गंगाराम राजवाड्याच्या पागेत नोकरीला. स्पृश्यांच्या हौदाचं पाणी घेतलं म्हणून त्याला मार बसला. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामला नोकरीतून मोकळं करून स्वतःच्या पायावर उभं राहायला सांगितलं. भाऊसिंगजी रोडवर त्यानं ‘सत्यसुधारक’ नावाचं हॉटेल काढलं. भर पेठेत, भर रस्त्यावर. परवानगी साक्षात राजाची. कुणाची टाप होती बंद करायची? पण बंद करायची गरजच नव्हती. सवर्णांनी तिथं चहा प्यायचा नाही, एवढं केलं की झालं. अशा दुकानाला मारायला लाठी लागत नाही, नुसतं पुढून निघून जाता येतं.

महाराजांनी यावर काय केलं? कुणी चहा प्यालाच पाहिजे असा हुकूम काढला नाही. आपला खडखडा त्या दारात उभा करायला लागले. स्वतः चहा घेतला, बरोबरच्या सरदार-अंमलदारांच्या हातात कप दिले. राजासमोर नको कोण म्हणणार! कामासाठी सही मागायला येणाऱ्यांना ते तिथं बोलवायचे, आधी चहा आणि मग सही, असं कोल्हापुरात अजून सांगतात. सोडा वॉटरचं यंत्रही गंगारामला घेऊन दिलं. म्हणजे परवानगी, यंत्र आणि गिऱ्हाईक, तिन्ही. यातलं एक जरी राहिलं असतं तरी धंदा बसला असता. महाराज १९२२ साली गेले. १९२५ साली नर्सरी बागेत त्यांचं पहिलं स्मारक उभं राहिलं ते याच गंगाराम कांबळ्यांच्या पुढाकारानं. सरदारांनी नाही, चहावाल्यानं.

१ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. राजाच्या मर्जीचा काळ संपला, नियमाचा सुरू झाला. १९५० ची घटना आली. १९ व्या कलमानं कुणालाही कोणताही धंदा करायचा हक्क दिला आणि त्याच कलमात सांगितलं की धंद्यासाठी लागणारी तांत्रिक पात्रता सरकार ठरवू शकेल. बारकाईनं वाचा. पात्रता ठरवता येईल, जन्म ठरवता येणार नाही. बलुतेदारीच्या लायसनवर घातलेला हा घाव आहे. आता प्रश्न उरला तो पात्रता मोजायची पट्टी कुणाच्या हातात.

विजेचं काम घ्या. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत ४५ वा नियम होता. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच यांची नुसती अदलाबदल करायला कागद लागत नाही. त्यापलीकडं एक तार जरी वाढवायची असेल तर तीन माणसं लागतात. लायसनवाला कंत्राटदार, प्रमाणपत्रवाला सुपरवायझर, आणि परमिटवाला वायरमन, ज्याला सरकारी मराठीत तारतंत्री म्हणतात. हे नियम जाऊन २०१० साली नवे आले, २०२३ साली पुन्हा नवे आले, सांगाडा तोच राहिला. नियम चूक आहे असं मी म्हणणार नाही. वीज जात विचारून झटका देत नाही. अर्थिंग न करता दिलेल्या कनेक्शननं ओल्या भिंतीला हात लावणारी बाई मरते, आणि ती बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतली असते.

पण व्यवहारात काय होतं ते गावोगाव सगळ्यांना माहीत आहे. वायरिंग करतो एक, कागदावर सही असते दुसऱ्याची. लायसन भाड्यानं चालतं. कंत्राटदार साइटवर पाय ठेवत नाही, टेस्ट रिपोर्टवर सही करून आपला हिस्सा काढतो. भिंतीला खाचा पाडणं, पाइप टाकणं, उन्हात स्लॅबवर वाकून उभं राहणं पोराचं. पोरगा दहा वर्षं असं काम करतो आणि एक दिवस त्याला वाटतं आपणच लायसन काढावं. तिथं गाठ पडते अनुभवाच्या दाखल्याशी. डिप्लोमा नसेल तर वर चढायला अनुभव दाखवावा लागतो, आणि तो लिहून देणार लायसनवालाच. ज्याच्या पोटावर आपण पाय देणार त्याच्याकडूनच दाखला मागायचा! माझ्या ओळखीच्या एका पोराला त्याच्या शेटजीनं सरळ सांगितलं, “लेका, तुला दाखला दिला तर उद्या माझ्या गिऱ्हाइकाच्या दारात तूच उभा राहणार. काम कर, पगार घे.” शेटजी जातीचं एक अक्षर बोलला नाही. बोलायची गरज काय? शेटजीच्या पुतण्याला दाखला दोन दिवसांत मिळाला. नात्यातल्याला देणं म्हणजेच जातीतल्याला देणं, कारण आपल्याकडं नातं जातीबाहेर जात नाही.

पट्टी कुणाच्या हातात हा प्रश्न फक्त आपला नाही. ज्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरनं नाव घेतलं, तिथं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन यांच्या परवान्यांचे कायदे राज्याराज्यांत झाले. कारण सांगितलं लोकांच्या आरोग्याचं. परीक्षा घेणाऱ्या मंडळांवर माणसं बसली गोऱ्या कारागिरांची, ज्यांच्या युनियनमध्ये काळ्याला प्रवेश नव्हता. गुलामीच्या काळापासून नळ जोडणारी, भिंती बांधणारी काळी माणसं परीक्षेत नापास व्हायला लागली. कायद्यात काळा हा शब्द कुठंही नव्हता.

आपल्याकडं यावर एक उतारा निघाला तो आयटीआय. दोन वर्षांचा तारतंत्रीचा कोर्स पास झाला की शेटजीच्या दाखल्यावाचून परमिटची वाट मोकळी होते. कोल्हापुरात कळंब्याच्या आयटीआयला राखीव जागांतून गेलेली आपली पोरं या वाटेनं वर आली आहेत. या दिशेचं बी बाबासाहेबांनी फार आधी टाकलं होतं. २९ ऑक्टोबर १९४२ ला व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य पोरांना सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये ॲप्रेंटिस म्हणून घ्या अशी मागणी त्यांनी केली. त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती, आपण ती जवळजवळ विसरलो. सरकारी कंत्राटं. सार्वजनिक बांधकामाच्या कंत्राटदारांच्या यादीत अस्पृश्य का नाही, हा प्रश्न त्यांनी विचारला. तेव्हा ते मजूरमंत्री होते आणि बांधकाम खातं त्यांच्याच अखत्यारीत. स्वतःच्या खात्याची यादी त्यांनी उघडून बघितली होती. आपण आपल्या गावच्या बांधकाम खात्याची यादी उघडून बघितली आहे का?

ती उघडली तर काय दिसेल? कंत्राटदाराचा वर्ग ठरतो दोन गोष्टींवर: आधी केलेली कामं आणि ऐपतीचा दाखला. ऐपत म्हणजे बँकेला किंवा तहसीलदाराला दिसेल अशी मालमत्ता. इथं ती वतनाची जमीन परत येते. १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं, आकाराच्या तिप्पट रक्कम भरून जमीन परत मिळाली, पण अट अशी की कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती विकता येणार नाही, वाटून घेता येणार नाही. अट घातली ती कुणी फसवून घेऊ नये म्हणून, हेतू वाईट नव्हता. पण बँकेचा साहेब सातबारा बघतो, नव्या शर्तीची नोंद बघतो आणि कागद परत सरकवतो. ज्या जमिनीसाठी शंभर पिढ्या राबल्या ती ऐपत म्हणून मोजली जात नाही. शाहू महाराजांनी रयतावा करायचं धोरण ठेवलं त्याचं मोल इथं कळतं. शेजारच्या पाटलाच्या पोराची जुन्या शर्तीची दोन एकर जमीन चालते.

लहान कामांसाठी महाराष्ट्रात वाटपाची एक रीत ठरली. ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना, ३३ टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, ३४ टक्के बाकीच्या नोंदलेल्या कंत्राटदारांना. गटार, शाळेची खोली, रस्त्याची डागडुजी अशी कामं यातून जातात. मजूर संस्था हे नाव ऐकून आपल्याला वाटावं ही तर आपलीच. मजूर आपण नाही तर कोण? पण मुंबईत २०२२ साली सहकार खात्याला एका बड्या आमदाराला लेखी सांगावं लागलं की तुम्ही मजूर नाही आहात. वर्षानुवर्षं तो मजूर म्हणून निवडून येत होता! हसू येतं, पण मग संस्थेच्या यादीतल्या मजुरांचे हात कुणी तपासायचे? घट्टे कुणाच्या हाताला आहेत?

आता गटाराचंच निघालं म्हणून. घरातल्या नळाची जोडणी करायची तर महापालिकेच्या कायद्यानं लायसनवाला प्लंबर पाहिजे. कोल्हापूरला १९७२ साली महापालिका आली, तिलाही हाच कायदा. स्वच्छ पाण्याच्या पाइपला हात लावायला परवाना. आणि मैल्याच्या चेंबरमध्ये गळ्यापर्यंत उतरायला? तिथं कुणी परीक्षा घेतली नाही, अनुभवाचा दाखला मागितला नाही, ऐपत विचारली नाही. त्या कामाचं लायसन अजून गावगाड्याच्याच रीतीनं मिळतं, जन्मानं. १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला, २७ मार्च २०१४ ला सुप्रीम कोर्टानं गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्यायला सांगितलं, २०२३ साली ते तीस लाख केले. माणसं मरायची थांबली नाहीत. आणि उतरवणारा ठेकेदार? १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात वीस माणसं असली तरच ठेकेदाराला लायसन लागायचं. महाराष्ट्रानं पुढं ते पन्नासवर नेलं. चार माणसं घेऊन चेंबर उपसणारा ठेकेदार या मोजपट्टीच्या खालून निघून जातो. सगळ्यात जीवघेण्या कामाचा ठेकेदार सगळ्यात कमी कागदांवर चालतो.

रस्त्यावर बसणाऱ्या चांभाराचंही बघून घ्या, थोडक्यात. समाजकल्याण खातं गटई कामगाराला पत्र्याचा स्टॉल फुकट देतं. चांगली योजना. पण बसायची जागा महापालिकेनं किंवा ग्रामपंचायतीनं दिलेली असावी, ही अट. फूटपाथवर तीस वर्षं बसणाऱ्याकडं तसला कागद कुठून येणार? २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात रस्त्यावर सेवा देणाराही विक्रेताच मानला आहे. त्याचं प्रमाणपत्र काढलं तर निदान हात टेकायला जागा होते. गटई कामगारांच्या संघटनेनं याच कायद्याला धरून बसावं.

१७ सप्टेंबर २०२३ ला केंद्र सरकारनं विश्वकर्मा योजना आणली. अठरा धंदे: सुतार, लोहार, कुंभार, सोनार, चांभार, न्हावी, परीट, शिंपी, गवंडी, केरसुण्या-टोपल्या करणारे असे. ओळखपत्र, प्रमाणपत्र, हत्यारासाठी पंधरा हजार, मग पाच टक्क्यानं कर्ज. पैसा मिळतो तो घ्यावा, नाही म्हणायचं कारण नाही. पण यादीवरनं बोट फिरवा. वायरमन नाही, प्लंबर नाही, मोटार मेकॅनिक नाही. ज्या धंद्याला जात नाही तो धंदा यादीत नाही. तामिळनाडू सरकारनं २०२४ साली ही योजना आहे तशी राबवायला नकार दिला. घराण्यात तो धंदा चालत आलेला असावा ही अट काढा, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि कुणालाही कोणताही धंदा निवडता येईल अशी स्वतःची योजना त्यांनी जाहीर केली. ज्या कोल्हापुरानं १९१८ साली बलुतेदारी बंद केली त्या कोल्हापुरात यावर एक सभा व्हायला हवी होती. आपण कोणत्या सभेत होतो?

काम करणाऱ्या पोरांसाठी दोन गोष्टी सांगून थांबतो. शेटजीकडं लागताना पहिल्या महिन्यापासून पगाराची पावती मागा. नाही दिली तर बँकेत पगार घ्या, पासबुक हा पुरावा आहे. दहा वर्षांनी दाखला मागण्यापेक्षा दर महिन्याचा कागद गोळा करणं सोपं. आणि ज्यांना अर्ज लिहिता येतो त्यांनी २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली आपापल्या तालुक्याच्या बांधकाम उपविभागाला एवढंच विचारावं: गेल्या पाच वर्षांत मजूर संस्थांना किती कामं, किती रुपयांची दिली, त्या संस्थांच्या सभासदांची यादी, आणि नोंदलेल्या कंत्राटदारांत अनुसूचित जातीचे किती. उत्तर येईल किंवा येणार नाही. न आलं तर अपील करा.

केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून चार टक्के माल घ्यायचं ठरलं. पहिल्या दहा वर्षांत ते एकदाही भरलं नाही. कर्नाटकानं मात्र कायदाच दुरुस्त केला. २०१७ पासून तिथं पन्नास लाखांपर्यंतच्या सरकारी बांधकामात १७.१५ टक्के कामं अनुसूचित जातींच्या आणि ६.९५ टक्के जमातींच्या कंत्राटदारांना राखून ठेवतात. २०२३ साली मर्यादा एक कोटीवर नेली. कागल सोडून दूधगंगा ओलांडली की कर्नाटक लागतं. निपाणीतला आपला माणूस त्या टक्क्यावर टेंडर भरतो. नदीच्या अलीकडं, ज्या जहागिरीत माणगावची परिषद भरली तिथल्या कागलात, तसला टक्का नाही.